उंचावरची विरळ हवा

असोदे हे जळगावाजवळचे गाव. दिवाळीच्या सुमारास या भागात कापसाची वेचणी चालते आणि घराघरांतून पांढरे ढीग चढू लागतात. अशा ढिगाच्या माथ्यावर हात ठेवला, तर तो सहज आत रुततो. तळाशी मात्र कापूस घट्ट दबलेला असतो. त्याला कोणी मुद्दाम दाबलेले नसते; वरच्या कापसाचे ओझेच त्याला दाबत असते.

हवेचेही असेच आहे. ती दिसत नाही, म्हणून तिला वजन नसावे असे वाटते. परंतु समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम हवेचा भार असतो. तळची हवा हा सारा भार वाहते व दाटते. उंच जावे तसतसा वरचा भार घटतो आणि हवा पसरते. विहिरीच्या तळाशी पाणी असे दाटत नाही, कारण पाणी फारसे दबतच नाही. हवा मात्र दबते आणि मोकळी होताच फुगते. म्हणूनच पृथ्वीवरील निम्मी हवा पहिल्या साडेपाच किलोमीटरांतच सामावली आहे.

हे पडताळून पाहण्याची युक्ती पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाला सुचली. त्याच्या सांगण्यावरून १६४८ साली त्याचा मेहुणा पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द दोम नावाच्या डोंगरावर चढला. शिखरावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. पायथ्याशी ठेवलेल्या दुसऱ्या नळीतील पारा दिवसभर जागचा हलला नाही! ही दुसरी नळी ठेवण्यातच खरे शहाणपण होते.

उंचावर हवेतून प्राणवायू निघून जातो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. हवेच्या शंभर भागांत सुमारे एकवीस भाग प्राणवायू असोद्यात असतो, तितकाच तो एव्हरेस्टवरही असतो. पण ८,८४९ मीटर उंचीच्या त्या शिखरावर हवेचा दाब येथल्या एक तृतीयांशच भरतो. श्वास तेवढाच घेतला, तरी पदरात थोडेच पडते.

खानदेशातील एखादा जवान विमानाने ३,५०० मीटर उंचीच्या लेहला उतरतो, तेव्हा तो कितीही धट्टाकट्टा असला तरी त्याला लगेच कामाला जुंपत नाहीत. पहिले सहा दिवस तेथेच काढून मग टप्प्याटप्प्याने त्याला वर नेतात. दरम्यान श्वास खोल होतो. पुढे रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. घाई केल्यास डोके दुखते, मळमळते, प्रसंगी फुप्फुसांत पाणी साचून प्राणावर बेतते. अशा वेळी त्याला त्वरेने खाली आणणे हाच खात्रीचा उपाय.

तेथील स्वयंपाकघरातही विरळ हवा आपला प्रताप दाखवते. दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. पातेल्यातली डाळ खदखदत राहते, पण शिजता शिजत नाही. म्हणून लेहमध्ये डाळ घट्ट झाकणाच्या कुकरमध्येच लावतात. त्यात कोंडलेली वाफ हवेचा उणा दाब भरून काढते.