ईशापूरची बंदूक आणि घरची मंडळी

पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेले आमचे जावई जुन्या लष्करी बंदुकांचे मोठे शौकीन आहेत. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी घडलेली एक ली-एनफील्ड त्यांनी खरेदी केली, तेव्हा बालपणी तालुक्याच्या खजिन्यावरील शिपायाच्या खांद्यावर जिचे दर्शन केवळ दुरूनच घडे, आणि जिच्या .३०३ बोअरचा परवाना आपल्याकडे सामान्य नागरिकास मिळत नाही, ती राजमुकुटाची मोहोर धारण करणारी वस्तू आता लेकीनातवंडांसह हाताळावयास मिळणार, या कल्पनेने मी हरखून गेलो. विक्रेत्याने बंदूक निर्दोष असल्याची तोंडी हमीही दिली होती.

आयुष्य महसूल खात्यात गेल्यामुळे असेल, तोंडी हमीवर माझा विश्वास चटकन बसत नाही. बोल्टच्या मुठीमागे कोरलेला क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी ताडून पाहिला, तो दोहोंचा मेळ नव्हता. कोठल्याशा शस्त्रागारात एकीचा बोल्ट दुसरीत गेला असावा. कारागिराने मापे लावून पाहिली, तेव्हा काडतुसाची कडा जेथे अडून बसते ती जागा प्रमाणाबाहेर सैल निघाली. अशा बंदुकीत काडतूस बारासमयी मागे रेटले जाऊन त्याची पितळी नळी फाटते, आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या मुखाकडे उसळण्याचा संभव असतो. विक्रेत्याने पैसे परत करण्याचे नाकारले. बोल्टचे नवे शीर्ष जावयांच्याच खर्चाने बसले. म्हणून क्रमांकांची खातरजमा आणि कारागिराचा लेखी दाखला यांवाचून जुनी बंदूक घरच्या माणसाच्या हाती देऊ नये. आणि ‘डीपी’ अक्षरे कोरलेली असल्यास ती कवायतीपुरतीच समजून भिंतीवर ठेवावी.

जुन्या लष्करी काडतुसांचाही एक उपद्रव आहे. त्यांच्या टोपीतील पोटॅशियम क्लोरेटपासून जो क्षार नळीत उरतो, तो हवेतील ओल शोषून पोलादास गंज चढवितो. तेलाने तो विरघळत नाही, त्यास कढत पाणीच हवे, आणि तेल नळी कोरडी झाल्यावर.

नेमबाजीच्या मैदानावर अंमलदाराचा हुकूम आजोबांच्या वडीलकीहून श्रेष्ठ, हे नातवंडांनी माझ्याआधी ओळखले. धाकट्यांचा आरंभ .२२ पासून व्हावा, थोरल्यांस .३०३ देताना प्रथम एकच काडतूस भरावे. छपराखाली आवाज दुणावतो, यास्तव कानांत बोळे आणि वरून कर्णावरण अशी दुहेरी योजना असावी. चाप ओढूनही बार न झाल्यास नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, कारण बार उशिरानेही होतो. आमच्या लेकीची आणखी एक विनंती वाचकांपर्यंत पोहोचवितो: जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी लहानथोरांचे हात साबणाने धुवून घ्यावेत, बोटांवर शिशाची भुकटी राहते.