मॉरिशसची ‘साऊथ टूर’: पैसे वेळेचे मोजा

मॉरिशसमध्ये ‘साऊथ टूर’ नावाने जी एका दिवसाची सहल विकली जाते, तिच्या कागदावरची ठिकाणं एकेक करून तपासली तर एक गंमत लक्षात येते. क्यूरपीप शहराच्या डोक्यावरचं ज्वालामुखीचं विवर फुकट. गंगा तलाव फुकट. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी जिथून दिसते तो कठडा फुकट. ग्री-ग्रीचा कडा आणि ल मोर्नचा सार्वजनिक किनाराही फुकट. तिकीट लागतं ते मुख्यतः शामारेलच्या सप्तरंगी मातीला. मग आपण भरलेले पैसे जातात कशात? गाडीत, चालकात आणि दिवसभराच्या वेळात. गाडी आणि चालक ठरल्याप्रमाणे मिळतात. वेळ मात्र आपल्या हाती पडत नाही, कारण तो आपल्या आधीच दुसऱ्या कुणाला तरी विकलेला असतो.

आमचा दिवस कसा गेला ते सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. आम्ही उत्तरेला ग्रां-बेमध्ये उतरलो होतो. मिनीबस सकाळी वेळेवर आली, पण मग इतर हॉटेलांमधले प्रवासी गोळा करत फिरली. पहिला थांबा होता जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचा कारखाना. कारागिरी खरोखर देखणी, पण काम दाखवणं पाच मिनिटांत उरकलं आणि विक्रीच्या दालनात पाऊण तास गेला. दुसरा थांबा हिऱ्यांच्या आणि लोकरी कपड्यांच्या करमुक्त शोरूमचा. आई तिथल्या खुर्चीवर बसून म्हणाली, “बोटीच बघायच्या होत्या तर हर्णैला गेलो नसतो का?”

विवरापाशी पोचलो तेव्हा त्यात ढग उतरला होता. चालक म्हणाला, “मॅडम, दस मिनट.” खाली काय आहे, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणाला दिसलंही नाही. गंगा तलावावर वीस मिनिटं. मग बुफे जेवण, ते मात्र सावकाश. शामारेलला पाऊस लागला आणि सप्तरंगांचे दोनच रंग उरले. ल मोर्न पर्वत बसच्या काचेतून डावीकडे की उजवीकडे गेला, यावर आमच्यात आजही एकमत नाही. गावं तर कितीतरी लागली, पण एकाही गावात पाय टेकला नाही.

त्याच मुक्कामात आम्ही पुन्हा वेगळी गाडी ठरवली, थांबे स्वतः निवडले आणि तोच भाग शांतपणे पाहिला. दोन्ही दिवस शेजारी ठेवून पाहिल्यावर जे समजलं, ते जाणाऱ्यांच्या कामी यावं म्हणून लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या: तो दगड आपल्या ओळखीचा आहे

निघण्यापूर्वी घरी बसून अर्धा तास वाचन करा. ते नसेल तर हा सगळा प्रदेश म्हणजे फोटो काढायच्या जागांची रांग वाटते. भूशास्त्रज्ञ सांगतात ते असं: पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उसळला आणि दख्खनचं पठार, आपला सह्याद्री घडला, तो स्रोत नंतर थंड झाला नाही. भारताचं भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेलं आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची एक माळ उमटत राहिली. लक्षद्वीप, मालदीव, छागोस यांच्या प्रवाळाखाली तिचेच मणी आहेत. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक सुमारे ऐंशी लाख वर्षांचे. शेजारचं रियुनियन बेट त्याहून तरुण, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार उफाळतो. मॉरिशसचे ज्वालामुखी आता निद्रिस्त आहेत.

म्हणजे राजगडावर ज्या काळ्या कातळावर आपण पाय ठेवतो, त्याचा हा धाकटा भाऊबंद. शामारेलची रंगीत मातीही कोकणच्या माणसाला परकी नाही. बेसॉल्ट कातळ उष्ण, पावसाळी हवेत युगानुयुगे झिजतो, त्यातली सिलिका वाहून जाते, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहतात. आपल्याकडे याच क्रियेतून जांभा तयार झाला. तिथे लाल, तपकिरी, जांभळट छटांचे मातीचे उंचवटे तयार झाले, आणि त्यांवर गवतसुद्धा उगवत नाही. हे माहीत असलं की कुंपणापलीकडे उभं राहून पाहायलाही मजा येते. मातीवर चालायला मनाई आहे, ते योग्यच आहे.

क्यूरपीपचं विवर, त्रू-ओ-सेर्फ, साधारण ३०० मीटर रुंद आणि ८० मीटरच्या आसपास खोल आहे. आतून ते दाट झाडीने भरलेलं आहे, त्यामुळे धुराची, लाल निखाऱ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. त्याच्या काठाने गोल रस्ता आहे, सकाळी तिथे शहरातली माणसं फेऱ्या मारतात. ती फेरी तुम्हीही मारा. एका बाजूला विवर, दुसऱ्या बाजूला पठारावरून वर आलेली चित्रविचित्र शिखरं, हे दृश्य चालतानाच कळतं. गंगा तलावही ज्वालामुखीच्या विवरातच साठलेला आहे. त्याच्या वाटेवर मंगल महादेवाची १०८ फुटी मूर्ती उभी आहे.

ठरवताना काय विचारायचं

पहिला प्रश्न: दुकानं किती? असं थेट विचारा आणि उत्तर लेखी मागा. ‘फॅक्टरी व्हिजिट’, ‘हस्तकला केंद्र’ हे सगळे दुकानाचेच अवतार समजावेत. आणखी एक खूण सांगते. सहलीच्या सूचनांमध्ये ‘पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट जवळ ठेवा’ असं असेल तर ते करमुक्त खरेदीसाठी आहे, डोंगर पाहायला पासपोर्ट लागत नाही. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी खुशाल करावी, पण त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी.

दुसरा प्रश्न: सोबत गाइड आहे की फक्त चालक? मॉरिशसमध्ये पर्यटन प्राधिकरणाकडून सहल कंपन्यांना आणि गाइडना परवाना घ्यावा लागतो. परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. चालक स्वभावाने कितीही गोड असला तरी त्याचं लक्ष रस्त्यावर आणि घड्याळावर असतं. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर दिवसभराची वेगळी गाडी मिनीबसच्या एकूण खर्चाच्या तुलनेत फार महाग पडतेच असं नाही. भाव दोन-तीन ठिकाणी विचारा.

तिसरा प्रश्न: शामारेलचं तिकीट आणि जेवण धरलं आहे का? आणि चौथा: आमच्याआधी किती हॉटेलांमधून माणसं घ्यायची आहेत? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तुमची अख्खी सकाळ दडलेली असते.

नकाशावर बेट चिमुकलं दिसतं, उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किलोमीटर. त्यामुळे दहा ठिकाणं सहज होतील असं वाटतं. पण शामारेलकडे चढणारा रस्ता म्हणजे घाटच आहे, आणि क्यूरपीप-व्हाक्वाच्या बाजूला वाहनांची गर्दी असते. दिवसात चार थांबे पुरेत, फार तर पाच. शिवाय जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि सहाच्या आत सूर्य मावळतो.

आधी वर, मग खाली

मधलं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. ढग तिथे अडतात आणि दुपारनंतर बरेचदा पावसाची सर येते. म्हणून विवर आणि गंगा तलाव भल्या सकाळी, मग गॉर्जेसची दरी, ऊन असेपर्यंत शामारेल आणि शेवटी उतरून ल मोर्नचा किनारा, हा क्रम धरा. दुसऱ्या वेळी आम्ही असंच केलं, आणि आधी ढगात गेलेलं सगळं लख्ख दिसलं. किनाऱ्यावर उकडत असतानाही क्यूरपीपला वारा बोचतो, तेव्हा एक स्वेटर आणि छत्री गाडीत असू द्या.

ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा एकसंध कडा आहे. मळ्यांमधून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. १८३५मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर निघाले, तेव्हा ते पकडायलाच आले आहेत असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथली लोककथा सांगते. २००८पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्याच्या पायथ्याशी शांत बसायला अर्धा तास तरी ठेवा. वर चढायचं असेल तर तो स्वतंत्र सकाळचा कार्यक्रम आहे, एका दिवसाच्या सहलीत कोंबू नका.

दक्षिणेला ग्री-ग्रीला जाणार असाल तर मुलांचा हात धरून ठेवा. बेटाला बहुतेक बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे किनारे शांत असतात. इथे ती भिंत नाही, समुद्र थेट कातळावर येऊन आदळतो. पाण्यात उतरू नका, सेल्फीसाठी कड्याच्या टोकाशी जाऊ नका.

गंगा तलाव आणि दरीच्या कठड्यापाशी माकडं आहेत. खाऊची पिशवी उघडी दिसली की ती गेलीच म्हणून समजा. महाशिवरात्रीच्या आसपासच्या दिवसांत बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो भाविक कावडी घेऊन पायी तलावाकडे येतात. तेव्हा यात्रा अनुभवायला जायचं तर जा, गाडीने ‘पॉइंट’ पाहायला जाऊ नका.

गावं काचेतून पाहू नका

या सहलीतला सर्वांत मोलाचा भाग कागदावर लिहिलेला नसतो. रस्त्याकडेला उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ते निसर्गाने रचलेले नाहीत. ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली जमीन लागवडीखाली आणण्यासाठी आधी गुलामांनी आणि १८३४नंतर भारतातून आलेल्या करारबद्ध मजुरांनी ते हाताने वेचून रचले. त्या मजुरांमध्ये रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागांतले लोकही होते. त्यांच्या वंशजांनी कास्कावेल गावात १८९६मध्ये गणेशोत्सव सुरू केला असं मानलं जातं, आणि आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते.

कास्कावेलला जायचं म्हणून आम्ही सांगितलं, तर चालकाने आम्हाला त्याच नावाच्या मॉलच्या दारात आणून उतरवलं. म्हणून ‘गाव, मॉल नव्हे’ असं स्पष्ट सांगा. गावात देऊळ आहे, अंगणात तुळस आहे, माणसं अगत्याने बोलतात. पण सगळ्यांना मराठी येतंच असं धरून चालू नका. घरची भाषा आता बहुतांशी क्रिओल आहे. आजीआजोबांकडे थोडे मराठी शब्द, थोडी गाणी असतात, नव्या पिढीतले काहीजण शाळेत मराठी शिकतात. “तुम्ही मराठी असून मराठी बोलत नाही?” हा प्रश्न तिथे विचारणं शोभत नाही. पाच-सहा पिढ्या समुद्रापार राहूनही त्यांनी गणपती टिकवला आहे. घराचे, माणसांचे फोटो विचारूनच काढा. देवळात गेलात तर पेटीत दक्षिणा टाका.

जेवणासाठी मोठ्या बुफेपेक्षा शामारेलमधली छोटी घरगुती खानावळ बरी, आदल्या दिवशी चालकाकरवी सांगून ठेवली की झालं. शाकाहारी असाल तर ‘मासे नको, अंडं नको’ असं मोजून सांगा. रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी, म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, स्वस्त आणि पोटभरीची आहे. आईने दोन खाल्ल्या आणि वर म्हणाली, “पुरणात गूळ घालायला विसरलेत.” गाडी लागत असेल त्यांनी मात्र घाट चढून झाल्यावरच जेवावं.

शेवटी एवढंच सांगते. सहल ठरवताना समोरचा माणूस ठिकाणांची यादी वाचून दाखवेल, आणि यादी जितकी लांब तितका सौदा स्वस्त वाटेल. तुम्ही त्याला प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं थांबणार ते विचारा आणि मिनिटांची बेरीज करा. ती बेरीज दिवसात मावत नसेल, तर यादीतली अर्धी नावं तिथेच खोडा. त्याला ते मान्य नसेल तर दुसरी गाडी बघा. त्या बेटावर गाड्यांची कमतरता नाही.