ग्रंथाचे पहिले वाक्य



श्रावणातील कहाणी ‘आटपाट नगर’ एवढ्या दोन शब्दांनी सुरू होताच मुले सावरून बसतात. ते नगर कोठले, राजा कोण, हे त्यांना अद्याप ठाऊक नसते. परंतु ऐकण्यासारखे काही येणार, एवढे मात्र कळलेले असते. ग्रंथाच्या आरंभाचे कार्य हेच होय.

इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा आरंभ ओंकाररूप आद्य तत्त्वाच्या वंदनाने होतो. लगेच शब्दब्रह्म हीच गणेशाची मूर्ती मानून अठरा पुराणे तिचे अलंकार आणि काव्यनाटके तिच्या रुणझुणत्या घंटिका, असे रूपक मांडले आहे. चौथीच्या मुलांना हे सारे उलगडून सांगणे कठीण; घंटिकांची कल्पना मात्र ती आनंदाने उचलतात.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ला दोन आरंभ आहेत. ‘प्रारंभ’ हे प्रकरण आईबापांविषयीच्या सामान्य चिंतनाने सुरू होते; ‘रात्र पहिली’ मात्र आश्रमातील प्रार्थनेनंतर, श्यामभोवती जमलेल्या मंडळींत. वर्गात ‘रात्र पहिली’पासूनच वाचावे, असे माझे मत आहे. पहिले वाक्य वाचून क्षणभर थांबावे आणि ‘आता पुढे काय येईल?’ असे विचारावे. उत्तर चुकले तरी चालेल.

आपला खरा प्रश्न निबंधाच्या वहीत आहे. पहिले वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि चाळीस वह्यांत तेच उतरते. शिक्षक असताना मीही हेच केले. ‘दिवाळी हा आनंदाचा सण आहे’ असे वाक्य मी दिले होते. एका मुलाने ते सोडून लिहिले, ‘दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागते.’ त्याचे आईबाप ऊसतोडीस जात; तोही त्यांच्याबरोबर जाई. मी ते वाक्य तांबड्या शाईने खोडले व वर फळ्यावरचे लिहिले. त्याने निबंध पुन्हा उतरवून आणला, शुद्ध आणि सुवाच्य. कुलूप त्यात कोठेच नव्हते.

येत्या महिन्यात निबंधाचा विषय देताना फळा कोरा ठेवावा. कोणी दहा मिनिटे काहीच लिहिले नाही, तर घाई करू नये. शाळाभेटीस येईन तेव्हा वह्यांतील केवळ पहिली वाक्ये वाचण्याचा माझा विचार आहे. शुद्धलेखनाकडे त्या दिवशी पाहणार नाही.