चाकं घेण्याआधी जमीन बघ

बाळा, रिमोटच्या विमानाचं खोकं नंतर उघड, आधी माझ्याबरोबर शेतावर चल. नानाखेड्यात उडवायचं नाही. बसस्टँड, वस्ती, विजेच्या तारा. कुणाच्या अंगावर आलं तर? सोयाबीन निघून गहू पेरला जाईपर्यंत जो तुकडा रिकामा पडतो, तो आपला. तिथं खाली बस आणि हात फिरव. धसकटं बोटभर उंच असतात, पण खिळ्यासारखी टोचतात. काळ्या मातीला भेगाही पडलेल्या. ट्रायसायकलचं, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं, पुढचं चाक त्यात अडकलं की सगळा हिसका ते चाक धरणाऱ्या एका तारेवर येतो. माझ्या पहिल्या विमानाची ती तार मागे दुमडली, प्रॉप मोडला, आणि फायरवॉलचं, म्हणजे नाकातल्या आडव्या फळीचं, प्लायवूड बाल्सा लाकडाचे लचके घेऊन बाहेर आलं.

म्हणून या रानात टेलड्रॅगर, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं विमान. मोठी चाकं पुढे, नाक वर, प्रॉप मातीपासून लांब. डांबरी पट्टी मिळाली तर मात्र नवशिक्यानं बेलाशक ट्रायसायकल घ्यावं; ते आपोआप सरळ धावतं.

टेलड्रॅगर सरळ का धावत नाही, हे नीट समजून घे. त्याचं वजन चाकांच्या मागे असतं. विमान जरा तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं, गर्रकन गिरकी बसते आणि पंख जमिनीला घासतो. त्यावर उपाय आहेत. चाकं बसवताना विमान उड्डाणात असतं तसं आडवं धर. चाकांचा आस पंखाच्या पुढच्या कडेखाली आला पाहिजे. फार मागे गेला तर विमान नाकावर पडेल. दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत वळव. थ्रॉटल हळूहळू दे, सुरुवातीला एलेव्हेटर ओढून शेपूट दाबून ठेव, वेग आला की सोड. नाक डावीकडे ओढ घेईल, तेव्हा उजवा रडर तयार ठेव. उतरल्यावरही विमान थांबेपर्यंत रडरवरचं बोट काढू नकोस. माझी बहुतेक विमानं टेकल्यानंतरच मोडली.

खऱ्या विमानांतही असंच. आपल्या डॉ. वि. मा. घाटग्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 हे विमान केलं, 1951 साली ते उडालं. त्याला शेपटीचं चाक होतं. पुढे त्यांच्याच किरण विमानाला, 1964 मध्ये, नाकाखाली चाक आलं. किरण जेट, शेपूट खाली टेकवलं असतं तर गरम झोत जमिनीवर आदळला असता. माणूस तोच, पण काम बदललं तशी चाकं बदलली. मला घाटगे यासाठी फार मोठे वाटतात.

पुढे कधी ट्रायसायकल केलंस तर शेपूट बोटानं खाली दाबून सोड. विमान परत नाकावर आलं पाहिजे. शेपटीवरच बसून राहिलं, तर मागची चाकं थोडी मागे सरकव. आणि पुढची तार घेताना गुंडाळी असलेली घे, धक्का थोडा तीच खाते.