लाइट विकत घेण्याआधी...

मित्रहो, आपल्या होस्टेलमध्ये कॅमेऱ्यांना तोटा नाही, मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तोटा आहे तो चांगल्या प्रकाशाचा! कुणाला प्लेसमेंटसाठी बरा फोटो हवा असतो. कुणाची आई घरी कुर्ते शिवून विकते, तिला गिऱ्हाइकांना पाठवायला फोटो हवे असतात. फोटोत डाळिंबी दिसलेला कुर्ता हातात आल्यावर विटकरी निघाला, तर तो परत येतो आणि भुर्दंड आईला पडतो. म्हणजे लाइट हा नुसता शौक नाही, हिशोबाचा मामला आहे.

दुकानात गेलं की आपण पहिलं विचारतो, "किती वॅटचा?" खरं तर हा प्रश्न तिसरा.

पहिला प्रश्न आकाराचा. लहान दिव्याची सावली कडक पडते. नाकाखाली काळी रेघ आणि कपाळावर चकाकी. ढगाळ दिवशी मात्र सगळं आकाशच दिवा होतं आणि सावल्या मऊ पडतात. सॉफ्टबॉक्स किंवा पांढरी छत्री हेच काम करते. पण "मोठा" म्हणजे वस्तूच्या जागेवरून बघताना मोठा. तोच सॉफ्टबॉक्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला की छोटा झाला! शिवाय अंतर दुप्पट केलं की प्रकाश ढोबळमानाने चौथाई उरतो. परीक्षेसाठी घोकलेला इनव्हर्स स्क्वेअर लॉ इथे चक्क पैसे वाचवतो. लाइट जवळ आणा, कमी वॅटमध्ये भागतं.

दुसरा प्रश्न रंगाचा. खोक्यावर सीआरआय बघा. कमाल १०० असतो, आपल्याला ९५ च्या आसपास हवा. आर९ दिला असेल तर तोही बघा. तो गडद लाल रंगासाठी असतो. तो कमी असला की लाल कापड आणि माणसाची त्वचा, दोन्ही मरगळलेली दिसतात. फोटो काढताना खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा, दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० चा. दोन्ही एकत्र आले तर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा!

आता वॅट. मोबाइलवाल्यांनी सरळ एलईडी घ्यावा, कारण नेहमीच्या स्टुडिओ फ्लॅशचा मोबाइलशी मेळ बसत नाही. एलईडीत सावली कुठे पडते ते आधीच दिसतं, शिकायला सोपं. मात्र आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोटोत पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बहुधा जातात. एसएलआर असेल तर मॅन्युअल सेटिंगचा सेकंडहँड फ्लॅश आणि ट्रिगर हा चांगला सौदा. गाइड नंबर ३२ म्हणजे आयएसओ १०० ला, एफ/८ वर ४ मीटरपर्यंत पोच. छत्री लावली की पोच कमी होते, हे धरून चाला.

सुरुवातीला एक लाइट, एक भक्कम स्टँड, एक पांढरी छत्री. बस्स! दुसऱ्या लाइटचे पैसे राहू द्या. समोरच्या बाजूला ड्रॉइंग शीट उभी केली की ती सावली भरून काढते. स्टीलच्या डब्यात अख्खी खोली दिसते, तेव्हा लाइट आणि डबा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावा. काचेच्या बाटलीची कडा उठून दिसायला दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा ठेवा. हॅलोजन स्वस्त मिळतो, पण भयंकर तापतो. त्याच्यासमोर कागद लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. होस्टेलच्या खोलीत तो नकोच.

आणि हो, खरेदीच्या आधी एक प्रॅक्टिकल करा. खिडकीत थेट ऊन नसेल तेव्हा वस्तू तिच्या शेजारी ठेवा, दुसऱ्या बाजूला ड्रॉइंग शीट धरा आणि फोटो काढा. एवढ्यात काम होत असेल, तर लाइटचे पैसे घरी परत पाठवा. नसेल होत, तर नेमकं काय कमी पडतंय ते तुम्हाला कळलेलं असेल, आणि दुकानदार तुम्हाला फक्त वॅट विकू शकणार नाही.