फाटकाचे खांब रोवण्याआधी

अकोला,
१२ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, नीट बोलता आलं नाही. फाटक, मागच्या खिडकीची ग्रिल, कूलरचं स्टँड आणि जिन्यावर टिनाचं शेड, एवढं काम आहे. दोन वेल्डर बघून गेले. एकाचा भाव किलोमागे १० रुपयांनी कमी आहे, तर काम कोणाला देऊ, असं तू विचारलंस. ३० वर्षं आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलं, पण याचं उत्तर दोन शब्दांत देता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी मला एक सांग. दोघांपैकी कोणी फाटकाच्या जागी खाली वाकून माती पाहिली का? आपली वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात दीड-दोन फुटांवर रोवलेला खांब एका वर्षात कलतो. मग फाटक जमिनीला घासायला लागतं आणि घरमालक वेल्डरला बोल लावतो. तो बिचारा येऊन बिजागरी कापतो, वर सरकवून पुन्हा जोडतो, आणि पुढच्या पावसात तेच. एक जुना मिस्त्री मला म्हणाला होता, "सर, जमीन हालली तं फाटक हालनारच." खड्डा मुरूम लागेपर्यंत खोदायला सांग. मुरूम लवकर लागत नसेल तर काळी माती उपसून मुरूम-गिट्टी ठासून भरायची, आणि दोन्ही खांबांचे पाय जमिनीखालून काँक्रीटच्या पट्ट्याने एकमेकांना बांधून घ्यायचे. दोन पल्ल्यांच्या मधे बोटभर फट ठेव. ज्याने हे स्वतःहून विचारलं असेल, त्याचा भाव जास्त असला तरी मला तो माणूस आवडेल.

आता भाव. किलोवर काम दिलं की जाड लोखंड वापरण्यात वेल्डरचा फायदा असतो, उक्तं दिलं की पातळ वापरण्यात. यात कोणी लबाड असायलाच पाहिजे असं नाही, हिशोबच तसा आहे. दीड इंची चौकोनी पाइपची २० फुटांची लांबी घे. २ मिलिमीटर जाडीची असेल तर साडेतेरा किलोच्या आसपास भरते, १.२ मिलिमीटरची असेल तर सव्वाआठ-साडेआठ. रंग दिल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून कुठल्या कामाला कोणता पाइप, किती जाडीचा, रेड ऑक्साइड आणि रंग कोणाकडे, हे सगळं साध्या वहीच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घे. लोखंड घ्यायला दुकानात त्याच्यासोबत स्वतः जा, वजन तुझ्यासमोर होऊ दे. फाटकाच्या चौकटीला २ मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस.

आणि रंगाआधी प्रत्येक जोड बघ. हे मी तुला हात जोडून सांगतो. तुझ्या आजीचं मनगट मोडलं होतं, तुला आठवत असेल, तू तेव्हा सातवीत होतीस. गॅलरीचं रेलिंग बसवलं त्या दिवशी मी परीक्षेच्या कामात होतो. संध्याकाळी आलो तर रंग देऊन झाला होता, छान चकचकीत. पैसे देऊन टाकले. आठ महिन्यांनी आई कपडे वाळत घालताना टेकली आणि उभा गज निसटला. पाहिलं तर चार बाजूंऐवजी दोनच ठिकाणी टाके मारलेले, बाकी पुट्टी आणि रंग. ज्याने केलं त्याची चूक होतीच, पण रोज वर्गात जोड ठोकून बघायला शिकवणारा मी, घरचा जोड न बघता पैसे देऊन बसलो. आईचा तो हात पुढे कधी पूर्ण वळला नाही.

तर बघायचं असं. वेल्डिंगवर जी काळी पापडी येते ती हातोडीने झाडायला सांग. खाली माशाच्या खवल्यांसारख्या एकसारख्या लाटा दिसल्या आणि भोकं, फटी नसल्या तर जोड चांगला. जोड सगळ्या बाजूंनी फिरवलेला हवा. पाइपांची उघडी तोंडं पत्र्याचा तुकडा लावून बंद करून घे. आत पाणी शिरलं की पाइप आतून सडतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत साबूत दिसतो.

कूलरच्या स्टँडचं वेगळं. तुमच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, पण दर्यापूरला सासऱ्यांकडेही तसंच स्टँड करायचं म्हणतेस. तो खारपाणपट्टा. बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं की थोड्याच दिवसांत लोखंडावर पांढरे थर चढतात आणि खालून गंज पोखरत जातो. तिथे स्टँड भिंतीपासून सुटं ठेवा, दर उन्हाळ्याआधी खरवडून रंगवा. दोन्हीकडे कूलरला आणि स्टँडला अर्थिंग पाहिजेच. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते. ती दुसऱ्याच्या घरची वाटत राहते. वेल्डरचं काम झालं की लगेच वायरमनला बोलव. ग्रिल करताना घरातल्या एका खिडकीला तरी कुलूप लावता येईल असं उघडतं दार ठेव, आग लागली तर बाहेर पडायला. त्या खिडकीत कूलर बसवू नका.

दर्यापूरला भाव वाढायची वाट बघत समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय ना? तो तिथे असेपर्यंत त्या अंगणात वेल्डिंग करू देऊ नकोस. ठिणगी कापसात शिरली की तासन् तास आतल्या आत धुमसते आणि रात्री सगळे झोपल्यावर पेट घेते. तुझ्याकडेही पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ असू दे, काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नका. टाइल्स आणि काचा झाकून घे. ठिणगीचा डाग काचेवरून निघत नाही.

शेडचे पत्रे मात्र वेल्ड करायचे नाहीत, स्क्रूने बसवायचे. जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. आपलं काम करून माणूस घरी जाऊन कण्हत पडावा, हे बरं नाही. त्याच्या हाताखालचा पोरगा काळ्या काचेशिवाय चाप धरून बसलेला दिसला तर काम थांबव आणि काच आणायला लाव. मुलांना घरात ठेव. तो उजेड नुसता बघितला तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. मग कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवा म्हणेल, तू सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.

मार्च लागायच्या आत काम काढ, नंतर दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. खड्डे खोदायचा दिवस ठरला की आदल्या रात्री कळव, सकाळच्या पहिल्या बसने येतो. मुरूम लागला की नाही ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे.

तुझा,
मामा