अर्ज स्वहस्ताक्षरात लिहिताना

अनुदानित शाळांतली शिक्षकभरती आता पवित्र पोर्टलवरून होते. तरीही जून जवळ आला की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत शिक्षण संस्थांच्या छोट्या जाहिराती दिसू लागतात. तासिका तत्त्वावर शिक्षक, लिपिक, प्रयोगशाळा सहायक अशी पदे आणि खाली एक ओळ: 'इच्छुकांनी स्वहस्ताक्षरात अर्ज करावा.' ती वाचून मुलांच्या पोटात गोळा येतो. मग घरातले कुणीतरी म्हणते, "आण इकडे, माझं अक्षर बरं आहे, मी लिहून देतो."

पालकांनो, एवढे मात्र करू नका. मुलाखतीत "चार ओळी लिहून दाखवा" म्हटले की फरक तिथल्या तिथे कळतो. मग प्रश्न अक्षराचा राहत नाही, खरेपणाचा होतो. आणि अक्षर वळणदार नसले तरी खरोखर काही बिघडत नाही. ते लागले पाहिजे, बस्स.

अर्ज आधी कुणाच्या हातात पडतो, याचा विचार करा. संस्थेच्या कार्यालयात छाननी होते, तेव्हा लिपिक तक्ता भरत असतो: नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, पात्रता, टक्केवारी, मोबाइल क्रमांक. या सहा गोष्टी त्याला न शोधता सापडल्या पाहिजेत. मांडणीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

कागद पांढरा, ए-फोर आकाराचा घ्या आणि एकाच बाजूने लिहा. डावीकडे दीड इंच समास सोडा. अर्ज पंच करून फायलीला लागतो; समास नसेल तर प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर फायलीत अडकते. कोऱ्या कागदाखाली ठळक रेघांचा कागद ठेवला की ओळी सरळ येतात. बॉलपेन निळे किंवा काळे चालेल. जेल पेन टाळा, घामेजल्या हाताने त्याची शाई फिसकटते.

पहिल्या पानावर अर्ज. वर उजवीकडे उमेदवाराचे नाव, पत्ता, मोबाइल, दिनांक, डावीकडे 'प्रति'. विषयात पदाचे नाव जाहिरातीत आहे तसेच हवे आणि संदर्भात वर्तमानपत्राचे नाव व तारीख. खालचा मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे. 'मी प्रामाणिक, मेहनती व कष्टाळू आहे' हे प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी 'बी.एड.च्या आंतरवासितेत आठवी-नववीला गणित शिकवले' असे लिहा. अनुभव नसलेल्या मुलांकडेही असे एखादे वाक्य असतेच. ते त्यांच्याशी बोलून आठवून द्या, पालकांची खरी मदत इथे होते.

दुसऱ्या पानावर बायोडाटा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर दोन्ही नावे लिहून राजपत्राची किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा. जाहिरातीत तारीख दिली असेल तर वय त्याच तारखेचे काढा. शैक्षणिक पात्रतेसाठी पट्टी घेऊन पेन्सिलीने तक्ता आखा: परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष, गुण, श्रेणी. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्के मनाने काढू नका. विद्यापीठाने सूत्र दिले असेल तेच वापरा.

अंकांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. घाईत काढलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. दोन्ही लिपी एकाच पानावर मिसळल्या तर मोबाइल क्रमांक चुकीचा उतरवला जातो आणि मुलाखतीचा निरोप भलत्याच घरी जातो. संपूर्ण अर्जात एकच अंकलिपी ठेवा. क्रमांक मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचाच द्या.

व्हाइटनर नको, गिरवणे तर नकोच. चूक झाली तर पान पुन्हा लिहा. म्हणून आधी कच्चा अर्ज करा आणि तो दुसऱ्याकडून वाचून घ्या.

हा सराव बँकेच्या परीक्षांनाही उपयोगी पडतो. आयबीपीएसच्या ऑनलाइन अर्जात उमेदवाराने स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, काळ्या शाईने लिहिलेले प्रतिज्ञापन स्कॅन करून टाकावे लागते. ते कॅपिटल अक्षरांत चालत नाही आणि दुसऱ्याने लिहिलेले असल्यास अर्ज बाद होतो.

शेवटी 'सोबत' म्हणून जोडलेल्या प्रतींची क्रमवार यादी द्या आणि प्रती त्याच क्रमाने लावा. २०१५ च्या शासन निर्णयापासून शासकीय कामांत स्वयंसाक्षांकित प्रती चालतात. खासगी संस्थेची जाहिरात काय म्हणते ते मात्र पाहा. स्थळ, दिनांक, सही राहून जात नाही ना, हे तपासा. पाकिटावर पदाचे नाव ठळक लिहा. आणि पाकीट बंद करण्याआधी दोन्ही पानांची झेरॉक्स काढून ठेवा, मुलाखतीतले पहिले प्रश्न बहुधा त्यांवरूनच येतात.